आकुर्डी ते राज्यसभा : राहुल बजाज यांची चार वर्षांची खासदारकी

मे २००६ मध्ये प्रमोद महाजन यांचे निधन झाले आणि महाराष्ट्राच्या वाट्याची राज्यसभेची एक जागा रिकामी झाली. महाजन यांची मुदत जुलै २०१० पर्यंत होती. उरलेल्या चार वर्षांसाठी पोटनिवडणूक झाली, तेव्हा त्या जागेवर भाजपचा कोणी नेता आला नाही. आले ते आकुर्डीत कारखान्याच्या आवारातच घर असलेले, नुकतीच ६८ वर्षे पूर्ण केलेले उद्योगपती राहुल बजाज, तेही अपक्ष म्हणून. परवाना-राज, अर्थमंत्री, उदारीकरण आणि वेळप्रसंगी स्वतःचे उद्योगपती-मित्र या सर्वांशी जाहीर वाद घालण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गृहस्थांना कायदे करणाऱ्या सभागृहात बसण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळाली. ८३ वर्षांच्या आयुष्यातील ही चार वर्षे मृत्युलेखांत एका ओळीत संपली. ती ओळ थोडी उलगडून पाहिली, तर उद्योगपती संसदेत जातो तेव्हा त्याला नेमके काय करता येते आणि काय करता येत नाही, याचा बराच उलगडा होतो.

राजकारण या घराण्याला नवे नव्हते. आजोबा जमनालाल बजाज हे मूळचे राजस्थानातील सीकरकडचे. वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घरी ते दत्तक आले आणि पुढे गांधीजींचे पाचवे पुत्र म्हणून ओळखले गेले. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ‘रायबहादूर’ किताब परत केला, काँग्रेसचे खजिनदारपद सांभाळले, तुरुंगवास भोगला. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले करणारेही तेच. वडील कमलनयन बजाज १९५७, १९६२ आणि १९६७ असे सलग तीन वेळा वर्ध्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिरा गांधींच्या विरोधातील संघटना काँग्रेसबरोबर राहिले आणि १९७१ च्या लाटेत पराभूत झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. राहुल हे नाव पंडित नेहरूंनी ठेवले, ही आठवण स्वतः राहुल बजाज मोठ्या चवीने सांगत. म्हणजे आजोबा सत्याग्रही, वडील निवडून आलेले लोकप्रतिनिधी. नातू मात्र वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत निवडणुकीपासून दूर राहिला.

नंबर लागण्याचे दिवस

१० जून १९३८ रोजी कोलकात्यात जन्म, मुंबईत शालेय शिक्षण, दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून अर्थशास्त्राची पदवी, मुंबईत कायद्याचा अभ्यास आणि १९६४ मध्ये हार्वर्डची व्यवस्थापन पदवी, असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास. हार्वर्डहून परतलेला धनिकपुत्र मलबार हिलला राहील, असा कोणाचाही अंदाज असता. ते राहायला गेले आकुर्डीला. त्या काळी पुण्याचा माणूसही आकुर्डीला सहज जात नसे. पत्नी रूपा या माहेरच्या घोलप, मराठी. १९६१ मध्ये झालेला हा प्रेमविवाह मारवाडी उद्योग-घराण्यांत त्या काळी दुर्मिळच म्हणायचा. १९६८ मध्ये तिसाव्या वर्षी राहुल यांच्याकडे बजाज ऑटोची सूत्रे आली. वडिलांच्या निधनानंतर १९७२ मध्ये ते अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले.

त्याच वर्षी ‘चेतक’ बाजारात आली. इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरचा व्हेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला होता आणि यापुढे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिंमतीवर स्कूटर बनवणे भाग होते. मागणीची चिंता नव्हती. चिंता होती ती परवान्याची. वर्षाला किती स्कूटर बनवायच्या हे दिल्ली ठरवत असे. मागणी त्याच्या अनेक पट. परिणामी स्कूटरसाठी नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे थांबत. काही मॉडेलसाठी ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. ज्याला ‘नंबर लागला’ तो गाडी घेऊन लगेच जादा भावाने विकूही शकत असे. परदेशात नातेवाईक असेल तर परकीय चलन भरून रांग चुकवता येई. मुलाच्या जन्मावेळी नंबर लावला आणि स्कूटर त्याच्या मुंजीला मिळाली, हा विनोद अनेक मराठी घरांत विनोद नव्हता.

परवान्यापेक्षा जास्त उत्पादन केले म्हणून सरकारने तुरुंगात टाकले तर खुशाल टाकावे, आजोबा देशासाठी तुरुंगात गेले होते, आपण लोकांना हव्या असलेल्या वस्तू बनवल्याबद्दल जाऊ, अशा आशयाचे बजाज यांचे उद्गार पुढे दंतकथेसारखे सांगितले गेले. यातली गंमत अशी की, ज्या व्यवस्थेवर ते तुटून पडत होते तिनेच त्यांच्या कंपनीला स्पर्धेपासून संरक्षणही दिले होते. दहा वर्षे थांबणारा ग्राहक ही कोणत्याही उत्पादकाची चैनच. हे त्यांच्या टीकाकारांनी वेळोवेळी ऐकवले आणि त्यात तथ्य होते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. रांग लांब असताना त्यांनी कारखाना वाढवण्याचा हट्ट सोडला नाही. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजचा प्रकल्प उभा राहिला. मराठवाड्यात मोठ्या वाहन उद्योगाची पायाभरणी झाली ती त्यातून. त्यांच्या कारकिर्दीत कंपनीची उलाढाल सुमारे सव्वासात कोटींवरून बारा हजार कोटींवर गेली.

सरकारशी भांडणारा हा माणूस सरकारला अस्पृश्यही नव्हता. राजीव गांधी पंतप्रधान असताना १९८६ ते १९८९ या काळात ते इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष होते. पुढे २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि २००३ ते २००६ या काळात त्यांनी आयआयटी मुंबईच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले.

१९९१ नंतर चित्र पालटले. परवाने गेले, रांगा संपल्या आणि परदेशी कंपन्या दारात उभ्या राहिल्या. १९९३ मध्ये काही बड्या उद्योगपतींनी एकत्र येऊन सरकारकडे ‘समान संधी’ची मागणी केली. वृत्तपत्रांनी या गटाला ‘बॉम्बे क्लब’ असे नाव दिले आणि बजाज त्याचा चेहरा ठरले. परवाना-राजचा शत्रू आता संरक्षण मागतो आहे, अशी टीका झाली. त्यांचे म्हणणे असे की, भारतीय उद्योगाला महाग व्याजदर, खराब रस्ते, अपुरी वीज आणि गुंतागुंतीचे कर सोसावे लागतात. आधी ही ओझी उतरवा, मग शर्यत लावा. या युक्तिवादाबद्दल मतभेद आजही आहेत. मात्र पुढे २००१ मध्ये त्यांच्याच कंपनीने स्वतः विकसित केलेली ‘पल्सर’ बाजारात आणली आणि ती जपानी कंपन्यांच्या मोटरसायकलींसमोर टिकली, हेही नोंदवायला हवे.

१४५ मतांचे गणित

आता पोटनिवडणुकीकडे. राज्यसभेचे सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. एकाच वेळी सहा-सात जागा भरायच्या असतात तेव्हा विजयासाठी लागणारा मतांचा कोटा कमी असतो आणि लहान पक्षांनाही आपला माणूस पाठवता येतो. जागा एकच असेल, तर निम्म्याहून अधिक मते लागतात. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ सदस्यांचा विचार केल्यास हा आकडा १४५ येतो.

२००४ च्या विधानसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसला ७१, काँग्रेसला ६९, शिवसेनेला ६२ आणि भाजपला ५४ जागा मिळाल्या होत्या. राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते, मुख्यमंत्रिपदी विलासराव देशमुख. सरकारमधील दोन्ही पक्ष एकत्र राहिले असते, तर युतीच्या उमेदवाराला वाव नव्हता. मात्र या वेळी राष्ट्रवादीने आपल्या सहकारी पक्षाच्या उमेदवाराऐवजी बजाज यांच्या पाठीशी उभे राहणे पसंत केले. भाजप आणि शिवसेनेचा पाठिंबा होताच. शरद पवार यांची बजाज यांच्याशी जुनी मैत्री होती. राज्यात एकमेकांविरुद्ध लढणारे तीन पक्ष एका अपक्षाच्या मागे एकवटले आणि काँग्रेसचे अविनाश पांडे पराभूत झाले. २००४ चे आकडे डोळ्यांपुढे ठेवले, तर या तीन पक्षांची बेरीज १८७ होते. काँग्रेसला अंकगणिताने आधीच हरवले होते.

आणखी एका बदलाचा येथे उल्लेख आवश्यक आहे. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यसभेसाठी खुले मतदान सुरू झाले. पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. थैलीच्या जोरावर आमदार फोडून राज्यसभेत शिरणाऱ्या धनिकांना आळा बसावा, हा त्यामागचा एक हेतू. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर निकाल देताना ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे बजाज यांना पडलेली पक्षीय मते उघड मते होती. उद्योगपती आणि राज्यसभा म्हटले की वाचकाच्या मनात जी शंका येते, तिला येथे फारसा आधार नाही. त्याच दुरुस्तीने उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही काढून टाकली होती. आकुर्डीत चार दशके राहिलेल्या बजाज यांना त्या सवलतीची गरज नव्हती.

उद्योगपतींचे निवडणुकीचे अनुभव तसे बरे नाहीत. नवल टाटा १९७१ मध्ये दक्षिण मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. त्याच वर्षी झुनझुनूमधून के. के. बिर्ला हरले, पुढे ते राज्यसभेत मात्र १८ वर्षे होते. अनिल अंबानी २००४ मध्ये उत्तर प्रदेशातून अपक्ष निवडून आले आणि लाभाच्या पदाचा वाद पेटताच मार्च २००६ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. बजाज यांनी प्रवेश केला तो त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी. त्यांनी मुदत पूर्ण केली.

अपक्षाचे बळ, अपक्षाची मर्यादा

अपक्ष खासदाराला पक्षादेश नसतो. तो कोणत्याही विधेयकावर स्वतःच्या मताने मतदान करू शकतो. हे स्वातंत्र्य पक्षाच्या खासदाराला नाही. पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हीप मोडल्यास त्याची खासदारकी जाऊ शकते. त्याच कायद्याची दुसरी बाजू अशी की, अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला तर तोही अपात्र ठरतो. तीन पक्षांच्या मतांवर निवडून आलेल्या बजाज यांना त्यामुळे चारही वर्षे कोणाचेच न होता काढावी लागली, आणि त्यांच्या स्वभावाला ते मानवणारेच होते.

अडचण वेळेची. सभागृहात बोलण्यासाठी वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. मोठ्या पक्षांना तास मिळतात. अपक्ष, नामनियुक्त आणि एकेकट्या सदस्यांच्या पक्षांना ‘इतर’ या एका गाठोड्यात बांधले जाते आणि त्यातून प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. उद्योग परिषदांत अर्थमंत्र्यांना मनमोकळेपणे ऐकवण्याची सवय असलेल्या वक्त्याला पीठासीन अधिकाऱ्यांची घंटा कशी वाटली असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी मर्यादा घटनेनेच घालून दिलेली आहे. उद्योगपतीला ज्यात सर्वाधिक गती आणि रस, ते कर आणि अर्थसंकल्प. वार्षिक वित्त विधेयक हे धन विधेयक असते. ते राज्यसभेत मांडता येत नाही आणि राज्यसभेला त्यात बदल करता येत नाही. फार तर शिफारशी करून १४ दिवसांत ते परत पाठवायचे. लोकसभेने त्या मानल्या तर मानल्या. करप्रणालीवर आयुष्यभर पोटतिडकीने बोललेला माणूस शेवटी ज्या सभागृहात पोहोचला, तेथे करांवर केवळ बोलताच येते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, हितसंबंधांचा. राज्यसभेच्या नियमांनुसार सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. मोबदला मिळणारी संचालकपदे, नियंत्रण राहील इतकी भागमालकी, सशुल्क सल्लागारी असे तपशील तीत द्यावे लागतात. शिवाय चर्चेतील विषयात सदस्याचा थेट आर्थिक संबंध असेल, तर बोलण्याआधी तो जाहीर करणे बंधनकारक आहे. मात्र एवढे जाहीर केल्यावर त्याला बोलता येते. दुचाकी, विमा, वित्तपुरवठा, पोलाद, वीज-उपकरणे इतक्या क्षेत्रांत पसरलेल्या समूहाच्या प्रमुखाने कोणत्या आर्थिक विषयावर बोलताना आपला संबंध नाही असे म्हणावे? आणि दुसरीकडे, शेतकऱ्याने शेतीवर व वकिलाने न्यायालयांवर बोलावे, पण कारखानदाराने कारखान्यांवर बोलू नये, हेही विचित्रच. नियम उघड करण्यावर भर देतात, निवाडा जनतेवर सोडतात. जनता ती नोंदवही किती वाचते, हा प्रश्न निराळा.

हा पेच केवळ पुस्तकी नव्हता. बजाज खासदार असतानाच तो आकुर्डीत येऊन ठेपला.

केंद्र सरकारने २००३ मध्ये उत्तरांचल (आजचे उत्तराखंड) आणि हिमाचल प्रदेश या राज्यांतील नव्या उद्योगांना दहा वर्षे अबकारी करमाफी आणि प्राप्तिकरात सवलती दिल्या. देशभरातील वाहन कंपन्यांची पावले तिकडे वळली. बजाज ऑटोचा पंतनगर येथील कारखाना २००७ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून आकुर्डीत वाहनांचे उत्पादन थांबवण्यात आले. तेथे उत्पादन परवडत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. व्यवस्थापकीय संचालक २००५ पासून पुत्र राजीव बजाज होते. राहुल बजाज अध्यक्ष होते. सुमारे २,७०० कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला. पिंपरी-चिंचवडमधील एक-दोन पिढ्यांचे संसार ज्या भोंग्यावर चालले, तो बंद होण्याची भीती शहराने प्रथमच अनुभवली.

महाराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून बजाज यांनी डोंगरी राज्यांच्या करसवलतींविरुद्ध सभागृहात उभे राहायला हवे होते, असे म्हणणारे म्हणू शकतात. त्या सवलतींमुळे महाराष्ट्रातील रोजगार बाहेर जात होता, हे उघड होते. पण त्या सवलतींचा लाभ घेणारी कंपनी त्यांचीच होती. घेतला नसता, तर स्पर्धक पुढे गेले असते, हे कंपनीच्या भागधारकांना दिसत होते. राज्याचा खासदार आणि कंपनीचा अध्यक्ष ही दोन कर्तव्ये एकाच माणसाला दोन दिशांनी ओढतात ती अशी. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. किंबहुना, सर्व काही नियमानुसार असतानाही हा ताण सुटत नाही, म्हणूनच त्याची दखल घ्यावीशी वाटते.

एकट्या सदस्याचे मत वाया जाते असेही नाही. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. विरोधातील एकमेव मत महाराष्ट्रातून गेलेल्या शरद जोशी यांचे होते. निकाल त्याने बदलला नाही, पण ते मत कायमचे नोंदले गेले. पाठीशी पक्ष नसलेल्या किंवा पक्ष अगदीच लहान असलेल्या खासदाराचे साधन म्हणजे अशी नोंद. बजाज यांच्या नावावर मात्र अशी सहज आठवावी अशी सभागृहातील घटना नाही. जुलै २०१० मध्ये मुदत संपली आणि ते पुन्हा निवडणुकीच्या वाटेला गेले नाहीत.

गाजले ते सभागृहाबाहेर

त्यांचे सर्वाधिक गाजलेले राजकीय भाषण याच्या नऊ वर्षांनंतरचे. ३० नोव्हेंबर २०१९, मुंबईतील एका अर्थविषयक दैनिकाचा पुरस्कार सोहळा. व्यासपीठावर गृहमंत्री अमित शहा, अर्थमंत्री निर्मला सीतारामन आणि रेल्वेमंत्री पीयूष गोयल. समोर देशातील बडे उद्योगपती. ८१ वर्षांचे बजाज उठले आणि म्हणाले की, उद्योगजगतात भीतीचे वातावरण आहे. आधीच्या सरकारवर आम्ही उघड टीका करू शकत होतो, आज केली तर तुम्हाला ती आवडेल असा विश्वास वाटत नाही. माझे हे उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत. आपले नाव नेहरूंनी ठेवले, ते तुम्हाला आवडणार नाही, असा चिमटाही त्यांनी काढला. नथुराम गोडसेला देशभक्त म्हणणाऱ्या खासदार प्रज्ञासिंह ठाकूर यांचा विषयही काढला. जमनालाल यांच्या नातवाने तो काढावा, यात नवल नव्हते. कोणालाही घाबरण्याचे कारण नाही, आणि तसे वातावरण असेल तर ते सुधारण्याचा प्रयत्न करू, असे उत्तर शहा यांनी दिले.

त्या सभागृहात त्यांना घंटा वाजवून थांबवणारे कोणी नव्हते, आणि हितसंबंध जाहीर करण्याचा नियमही नव्हता. तो सर्वांना ठाऊकच होता. तेरा वर्षांपूर्वी ज्या पक्षाच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेत पाठवले, त्याच पक्षाच्या मंत्र्यांना ते तोंडावर ऐकवत होते. काहींनी या धाडसाचे कौतुक केले, काहींनी त्यांना काँग्रेसी ठरवले. दुसऱ्या गटाला बहुधा २००६ ची ती पोटनिवडणूक आठवत नसावी, ज्यात ते काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून आले होते.

एप्रिल २०२१ अखेर त्यांनी बजाज ऑटोचे अध्यक्षपद सोडले. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. राज्य सरकारने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचा निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवशी वैकुंठ स्मशानभूमीत ते झाले. मुख्यमंत्रिपदी तेव्हा उद्धव ठाकरे होते, आणि सरकारमध्ये शिवसेना, राष्ट्रवादी व काँग्रेस असे तीन पक्ष होते. २००६ च्या त्या निवडणुकीत यांपैकी दोन बजाज यांच्या बाजूने होते, एक विरोधात.

आकुर्डीच्या कारखान्याचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २००७ मध्ये जेथे वाहनांचे उत्पादन थांबले, त्याच आवारात १० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या जयंतीदिनी, विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा नवा कारखाना सुरू करण्यात आला. तेथे बनू लागलेल्या स्कूटरचे नाव ‘चेतक’.